पणजोबा शीव चालला तेव्हा

मोजणीला गेल्यावर कुणाच्या घरचा चहा घ्यायचा, हा प्रश्न मी नोकरीला लागलो त्याच वर्षी निकालात काढला होता. हद्दीच्या खुणा दाखवून होईपर्यंत कुणाच्याच घरचा नाही. एकाकडं घोटभर घेतला की दुसरा लगेच म्हणणार, साहेब फितला. म्हणून आधी सायकलला आणि पुढं स्कूटरला माझी पाण्याची बाटली कायम लटकलेली असायची. लोकांना वाटायचं, माणूस लय ताठ आहे. वाटू दे म्हणायचो.

मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच फिरलो. ज्यांचा या खात्याशी संबंध आला नाही (असे भाग्यवान फार थोडे), त्यांच्यासाठी सांगतो. शेजाऱ्यानं बांध कोरला, भावानं ज्यादा नांगरलं, असं वाटलं की माणूस मोजणीचा अर्ज करतो. आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना नोटिसा जातात. ठरलेल्या दिवशी आम्ही तिपाईवरचं टेबल, साखळी, टेप आणि झेंड्या घेऊन हजर. टेबलावर कागद ताणायचा, जुने हद्दीचे दगड शोधायचे, त्यांच्यावरून रेघा ओढून जागेवर आहे ते कागदावर उतरवायचं आणि मूळ नकाशाशी ताडून बघायचं. मग सांगायचं, तुझी हद्द ही. तेवढं सांगितलं की दोघांपैकी एक जण आपला जन्माचा वैरी.

खानापूरकडं दोन सख्खे भाऊ होते, एकमेकांशी अजिबात बोलत नसत. हातभर अंतरावर उभे राहून थोरला मला म्हणायचा, "सायेब, त्याला सांगा, झेंडी धर." मी वळायच्या आत धाकटा म्हणायचा, "त्यास्नी सांगा, धरलीया." दिवसभर मी मधे उभा. मोजणी झाली तर फरक वीतभराचा निघाला. त्या वितीसाठी त्यांच्या आईच्या तेराव्याला दोन चुली पेटल्या होत्या.

जतच्या बाजूला एकदा हद्दीचा दगडच सापडेना. शेवटी सापडला तो शेंदूर फासलेला, समोर नारळाच्या करवंट्या, वर चिंध्यांचं छप्पर. गावानं त्याचा म्हसोबा करून टाकला होता. ओल्या फडक्यानं कडेचा शेंदूर जरा बाजूला केला तर खाली आमच्या खात्याचा कोरलेला बाण. दगड मूळ जागेवरून हललेला होता, तो परत जागी बसवायला हवा होता. पण हात लावायला एक माणूस पुढं येईना. मी शेजारी नवा दगड रोवला आणि म्हसोबाला आहे तिथंच ठेवला.

अशा गमती पुष्कळ. पण दिवाळीच्या अंकासाठी लिही म्हटल्यावर जे आठवलं, ते या गमतींतलं नव्हतं. ते माझ्याच घरातलं निघालं.

आमचं आडनाव बोरखडे. आमचं घर म्हसवडला. बोरखडी हे गाव तिथून फार लांब नाही, आटपाडी तालुक्यात आहे. म्हणजे आम्ही मूळचे तिथले, एवढं आडनावावरूनच कळतं. कधी काळी कुणी तिथून म्हसवडला आला, लोकांनी त्याला गावाच्या नावानं हाक मारली, तेच पुढं शाळेत लागलं. पण आमच्या घरातलं कुणी बोरखडीला जात नसे. लग्नाचं आमंत्रण आलं तरी नाही. लहानपणी मी वडिलांना, म्हणजे दादांना, विचारलं होतं, "आपण तिथून का आलो?" दादा म्हणाले, "पोट भराय आलो. अभ्यास कर."

दादा पलटणीत होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, देव्हारा उचलला आणि गावकीची कामं, त्या कामांचे मान, त्या कामांचे अपमान, सगळं एकदम घराबाहेर टाकलं. त्यानंतर आमच्या घरात मागच्या पिढ्यांचं नाव निघत नसे. आजोबा सटवा मी बघितले होते. वाळलेला, कमी बोलणारा माणूस. ते कुणाच्या भांडणात साक्ष द्यायला जात नसत. समोर घडलेलं असलं तरी म्हणायचे, "मला इचारू नगा." घरात कुणी सहज "शप्पत" म्हटलं तरी उठून बाहेर जायचे. त्यांच्या बापाचं नाव भिवा, एवढंच मला ठाऊक होतं. दादांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी लावला होता, की त्या दिवसांची आठवण त्यांना नको असेल. ते खोटं नव्हतं. पण ते अर्धंच होतं, हे कळायला माझी बदली आटपाडीला व्हावी लागली.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. घर सांगलीत विश्रामबागला, मी आटपाडीत खोली घेऊन राहिलेला. बदली सांगायला म्हसवडला गेलो तर दादांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बोरखडीला जाऊ नगं."

"सरकारी काम निघालं तर?"

"दुसऱ्याला धाड."

आणि वर्षभरात नेमकी बोरखडीचीच मोजणी माझ्याकडं आली. बोरखडी आणि येळेवाडी या दोन गावांच्या शिवेवरची. पूर्वी बोरखडी संस्थानात होती आणि येळेवाडी इंग्रजांच्या मुलखात. पुढं संस्थानं गेली आणि तीच शीव सांगली आणि सातारा जिल्ह्यांची हद्द झाली. बोरखडीच्या एका निवृत्त सुभेदाराचा आणि येळेवाडीच्या एका शेतकऱ्याचा ओढ्याकाठच्या पट्टीवरून वाद होता. दुसऱ्याला धाडण्यासारखं कारण माझ्याकडं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला जायचंही होतं.

सुभेदार मोठा हौशी माणूस. आम्ही टेबल लावलं तर शेजारी सावधानमध्ये उभा. "साब, लाईन एकदम सीधी पायजे. बंदूक मारली तर पार त्या लिंबापातूर गोळी जाया पायजे."

येळेवाडीचा शेतकरी बांधावर बसून म्हणाला, "गोळी कशाला, लाईनच माझ्या रानातनं जातीया की."

येळेवाडीच्या बाजूनं माणच्या कार्यालयातून आलेला मोजणीदारही बरोबर होता. आम्ही दोघं हसलो आणि कामाला लागलो. बोलता बोलता सुभेदार त्या पट्टीला "खोट्याची पट्टी" म्हणाला. रानांची नावं चमत्कारिक असतात, त्यामुळं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

दुपारी बाभळीच्या सावलीत बसलो. सुभेदाराची आई भाकरी घेऊन आली होती. हौसाबाई. कमरेत वाकलेली, पण डोळे तिखट. तिनं मला नाव विचारलं. मी आडनाव सांगितलं.

"आगं बया! बोरखडे म्हंजी आमच्याच गावचा की तू. कुनाचा रं?"

"म्हसवडला असतो आम्ही. पूर्वी इथले असणार."

"असशील, असशील," म्हणून तिनं भाकरी पुढं केली. मी माझा डबा दाखवला. तशी ती जरा दुखावली. म्हणाली, "आमच्या घरचं चालत न्हाई व्हय तुला?"

आयुष्यात पहिल्यांदाच हा प्रश्न या बाजूनं आला होता. मोजणी झाल्यावर खाईन म्हटलं, आणि विषय बदलायला विचारलं, "आजी, या पट्टीला खोट्याची पट्टी का म्हणतात?"

तिनं पदर सावरला आणि सांगायला लागली. तिला हे तिच्या आजेसासूनं सांगितलं होतं, आणि आजेसासूनं ते नवी नवरी असताना डोळ्यांनी बघितलं होतं.

तेव्हा या भागात मोजणी आलेली नव्हती. नकाशा नाही, नंबर नाही. गावाची हद्द कुठून कुठं जाते हे एकाच माणसाच्या डोक्यात असायचं. तो गावचा महार. कोणतं झाड, कोणता खडक, ओढ्याचं कोणतं वळण, हे बापानं पोराला चालवून चालवून दाखवायचं. शीव राखणं हे त्यांच्या घराचं काम. आणि दोन गावांची शिवेवरून जुंपली की तोच माणूस पुढं करायचा. सकाळी त्याला अंघोळ घालायची, ओल्या अंगानं उभं करायचं, डोक्यावर शिवेच्या मातीचं ढेकूळ द्यायचं आणि देवाची शपथ घालून सोडायचं. तो जिथून चालेल ती शीव. दोन्ही गावं मागून चालणार, त्याच्या पावलावर दगड रोवणार. पण तेवढ्यावर संपत नसे. पुढं एक मुदत असायची. त्या मुदतीत त्याच्या घरात कुणी दगावलं तर तो खोटं चालला असं ठरायचं.

"ह्या पट्टीसाठनं दोनी गावांत डोकी फुटली हुती," हौसाबाई म्हणाली. "पानी हाय ना हितं, वड्याचं. मग आमच्या गावच्या शिवेच्या मानसाला चालवलं. गावाला वाटलं, आपलाच मानूस हाय, वड्याच्या पल्याडनं जाईल. तर त्यो गडी वड्याच्या अल्याडनंच चालला. पट्टी दिली येळेवाडीला!"

"मग?"

"मग काय. गाव दात खाऊन गप बसलं. पर म्हैना झाला न्हाई तवर पटकी आली. त्याचं थोरलं पोरगं गेलं. झालं. खोटं चालला, येळेवाडीकडनं पैसं खाल्लं, म्हनून गावानं त्याला भाईर काढला. दगड उपटलं आन् पट्टी परत घितली. तवापास्नं ही खोट्याची पट्टी."

मी विचारलं, "त्या कॉलऱ्यात दुसरी कुणी माणसं गेली नाहीत?"

"आवं, लय गेली. आमच्याच घरातली दोन ल्हान पोरं गेली. दर आळीत रडारड. पर शीव चाललेला त्यो एकलाच हुता ना."

हे ती अगदी सहज बोलली. तिच्या आवाजात कसलाही आकस नव्हता. मी विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"भिवा."

पुढचं मी विचारलं नाही, तिनंच विचारलं. माझ्या तोंडाकडं बघत होती. "एक ल्हान पोरगं बी हुतं म्हनं त्याला. कडंवर घिऊन गेला. त्यो... कोन तुजा?"

"लहान पोरगं म्हणजे माझा आजा."

हौसाबाईनं तोंडाला पदर लावला. मग सुभेदाराला म्हणाली, "आरं, सायबाला घोंगडं टाक की बसाय." सुभेदाराला काही कळलं नव्हतं. तो घोंगडं घेऊन आला, आणि मी उठून टेबलाकडं गेलो.

दुपारनंतरची मोजणी मी कशी केली ते माझं मला ठाऊक. हात सवयीनं चालत होते. टेबलावर नकाशा होता तो संस्थानात पुढं कधीतरी झालेल्या मोजणीचा. त्या मोजणीदारांनी आले तेव्हा जी शीव होती ती काढली, म्हणजे भिवाला हाकलल्यानंतर गावानं जी केली ती. त्याच्या आधी कुठून होती, हे सांगणारा कागद कुठंच नव्हता, असणारही नव्हता. माझं काम नकाशाप्रमाणं हद्द दाखवणं. मी ती दाखवली. शीव ओढ्याच्या पलीकडून. सुभेदाराचा बांध थोडा पुढं सरकलेला निघाला, तेवढा त्यानं मागं घ्यायचा. बाकी पट्टी बोरखडीचीच. माझा पणजोबा जिथून चालला नाही, तिथं मी माझ्या हातानं झेंड्या लावल्या आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

सगळे पांगल्यावर मी येळेवाडीच्या त्या शेतकऱ्याबरोबर ओढ्याच्या अलीकडच्या काठानं चालत गेलो. जुन्या गावांच्या हद्दी मी इतक्या बघितल्या होत्या, की ओढा असा वळलेला आणि काठाला असे खडक दिसले की शीव इथून असणार, हे पायांना कळायचं. तिथंही कळलं. पण पायांना कळलेलं टेबलावर काढता येत नाही.

मी त्याला विचारलं, "तुमच्या गावात भिवा नावाच्या माणसाची काही आठवण सांगतात का? त्यानं ही पट्टी तुमच्या गावाला दिली होती म्हणे."

"न्हाई बा," तो म्हणाला. "कवाची गोष्ट?"

त्यानं आपल्या म्हाताऱ्या चुलत्यालाही विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढं आटपाडीत होतो तोवर येळेवाडीच्या आणखी काही जुन्या माणसांना मी गाठलं. ज्या गावाच्या बाजूनं तो चालला, त्या गावात त्याचं नावसुद्धा उरलं नव्हतं. नाव उरलं होतं ते बोरखडीत, तेही खोटा म्हणून.

हे सगळं मी मनाशी पुष्कळदा घोळवलं. आमच्या घरात मोजणी माझ्यापासून सुरू झाली, अशी माझी समजूत होती, आणि तिचा थोडा अभिमानही होता. भिवाला टेबल नव्हतं, साखळी नव्हती. माझी मोजणी चुकली तर वरच्या साहेबाकडं अपील करता येतं, फेरमोजणी होते. त्याच्या मोजणीला त्याच्या घरातली पोरं तारण ठेवलेली होती. अशा कामाला गावानं मान दिला असेल, बलुतं दिलं असेल. पण ते काम कुणी आपणहून मागून घेईल असं नव्हतं. जन्मानं अंगावर पडलेलं. दादांनी ते सगळं घराबाहेर टाकलं, ते बरोबरच केलं. फक्त त्या कचऱ्याबरोबर भिवाही गेला.

दादांना सांगू की नको, यात काही महिने गेले. त्यांचं वय झालं होतं, पाय सुजायचे. शेवटी एका रविवारी म्हसवडला गेलो. ते ओसरीत खाटेवर होते. मी म्हणालो, "दादा, मी बोरखडीला जाऊन आलो."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कळलं का मग?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! मी विचारलं, "तुमाला कुणी सांगितलं?"

"बापानं. मरायच्या आधी." दादांनी भिंतीकडं बघत सांगितलं. सटवाला त्याच्या आईनं सांगितलं होतं. आपला बाप शिवेवर खोटं चालला, म्हणून थोरला भाऊ गेला. आईच्या जिवाला ते पोरगं गेल्याचा घाव होता, तिनं नवऱ्याला कधी माफ केलं नाही. भिवा म्हसवडला आल्यावर दुसऱ्यांच्या रानात दगडं फोडायचा, फार दिवस जगलाच नाही. सटवा त्या एका गोष्टीखाली वाढला. साक्ष नाही, शपथ नाही. कुणी खरं-खोटं विचारलं की हा उठून जायचा.

"म्हातारा म्हणाला, आपलं रगात खोटं हाय. कुनाला सांगू नगं," दादा म्हणाले. "म्या कशाला सांगतोय तुमास्नी?"

मी खाटेवर बसलो आणि हौसाबाईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ओढ्याच्या अलीकडून चालल्याचं, पटकीचं, दर आळीत गेलेल्या माणसांचं. दादा ऐकत होते. पलटणीतला माणूस, त्यांनी लगेच पुरावा मागितला.

"खरं चालला म्हणतूस. नकाशात हाय का तसं?"

एक क्षणभर वाटलं, हो म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला तेवढं समाधान. मला कोण विचारणार होतं? पण जीभ वळेना.

"न्हाई दादा. नकाशा नंतरचा हाय. नकाशात गावाचीच शीव हाय."

"मग कशावरनं म्हणतूस?"

"दादा, त्याला खोटंच चालायचं असतं तर तो आपल्या गावाच्या बाजूनं चालला असता. गावात राहायचं होतं, बलुतं गावाकडनं यायचं. सगळं गाव मागनं चालत होतं. अशा टायमाला आपल्याच गावाच्या इरुद्ध पाऊल टाकायचं, ते कशासाठी टाकंल कुणी?"

"पैसं खाल्लं म्हणत हुते."

"पैसं खाल्लं असतं तर तो येळेवाडीला जाऊन राहिला असता. म्हसवडला दुसऱ्यांच्या रानात दगडं फोडत मेला असता का? आणि पटकी सगळ्यांच्या घरात आली होती. ज्यांनी त्याला हाकललं त्यांचीबी पोरं गेली. ती कशानं गेली मग?"

बाहेर कुणी तरी हापशावर पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मी चहा करायला सांगितला, चहा आला, त्यांनी तो घेतला नाही. मला वाटलं, त्यांना पटलेलं नाही. मी कप उचलायला वाकलो तेव्हा ते बोलले. पण माझ्याशी बोलत नव्हते.

"हे म्हाताऱ्याला कुणीतरी सांगाय पायजे हुतं," ते म्हणाले. "येवढं साधं. त्यानं सोता कधी असा इच्यारच केला न्हाई. म्याबी केला न्हाई. त्यो रोज जेवताना पयला घास बाजूला ठिवायचा रं, त्या मेलेल्या भावासाठनं. मला वाटायचं, रीत असंल."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. पाणी सुरकुत्यांतून खाली आलं, तसंच येऊ दिलं.

त्यांना बोरखडीला यायचं होतं. पायांची सूज उतरली की जाऊ म्हणत होते. सूज उतरली नाही. त्या उन्हाळ्यात ते गेले.